चपलेचा नंबर

माझा पुतण्या सदू, त्याच्या हळदीला डीजे मध्येच बंद पडला, ते वर्ष दोन हजार तेवीस. आमच्या सोनिवलीत अजून वर्ष असंच सांगतात, सदूच्या हळदीचं वर्ष. डीजे पोलिसांनी बंद केला नव्हता. माझ्या नातीने, राजसीने, बंद केला होता. ती तेव्हा आठ वर्षांची होती. स्पीकरचा पहिला दणका बसला तशी ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि कानांवर हात दाबून एकसुरात ओरडू लागली. डीजेवाल्याला वाटलं त्याचीच मशीन बिघडली. त्याने एकेक वायर काढून पाहिली. सगळ्या वायरी काढून झाल्या तरी आवाज चालूच होता, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

किर्ती, माझी सून, पोरीला उचलून गाडीत जाऊन बसली. तिच्या पाठीमागे मांडवातल्या बायका बोलत राहिल्या. कोणी नजर लागल्याचं सांगितलं, कोणी मोबाइलवर खापर फोडलं, आणि एकीने तर दोन झापडांत पोर सरळ होईल असा उपाय दिला. ही बाई स्वतःच्या पोराला आजतागायत भरवते. असो. घरी आल्यावर किर्तीने सांगून टाकलं की यापुढे राजसीला लोकांत न्यायचं नाही. राजसी घरी, म्हणून किर्तीही घरी. ते तिने पाळलं. माहेरच्या बारशाला गेली नाही, बाजारात गेली नाही. जिन्यात कोणी भेटू नये म्हणून भर दुपारी कचरा टाकायला उतरायची. भरल्या घरात बाई मिटत चालली होती. काळजी मला राजसीचीही होती, पण त्या वर्षी किर्तीची जास्त होती.

राजसीला ऑटिझम आहे. कागदावर त्याला स्वमग्नता लिहितात, म्हणजे स्वतःत बुडालेलं असणं. मला हा शब्द पटत नाही. आमच्या घरात स्वतःत बुडालेलं माणूस म्हणजे आमचे हे, दौलतराव. त्यांना हाक मारली की उत्तर यायला भाताला उकळी फुटण्याइतका वेळ लागतो, पण त्यांना कोणी कागद दिला नाही. राजसीचं उलट आहे. तिला सगळंच जास्त पोचतं. आवाज पोचतो, उजेड पोचतो, झग्याची शिवण पोचते, आणि बोललेला शब्द तर फारच पोचतो. तिला शिकवायला येणाऱ्या ऋता मॅडमनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहून चिकटवलं होतं. दारावर दार, पंख्याच्या बटणावर पंखा. राजसी ते शिकून पुढे गेली आणि त्याच चिठ्ठ्यांवर मी साठीनंतर अक्षरं शिकले. मी एकदा स्वयंपाकघरात पंखा हवा म्हणून ‘पंखा’ची चिठ्ठी तिथल्या बटणाला लावली, तर तो मिक्सर निघाला. राजसी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लिहिलं म्हणजे ते तसंच असलं पाहिजे, असा तिचा कायदा.

मे महिन्याच्या सुट्टीत तिने राजूच्या मोबाइलवर आकाशपाळणा पाहिला. राजू म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप. बदलापूरच्या पुढे डोंगराकडे मौजवाडी नावाचं मोठं पार्क झालं होतं, तिथला हा पाळणा. ती तो पुन्हा पुन्हा पाहायची आणि तिची मान पाळण्याबरोबर गोल फिरायची. मग एके दिवशी ती किर्तीजवळ येऊन म्हणाली, “राजसी पाळणा.” ही पोर कधी काही मागत नाही. किर्तीच्या हातातली पोळी तव्यावर काळी झाली.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, “एकदा नेते, आई. फक्त एकदा. तिथे हळदीसारखं झालं तर पुन्हा मला कोणी बाहेर पड म्हणायचं नाही. तुम्हीपण नाही.”

मी हो म्हटलं. पाळणा म्हणजे रांग, आणि रांग म्हणजे धक्के, घाम, शिट्ट्या आणि ‘जरा थांब’. पाळण्यात बसणं सोपं होतं. पाळण्यापर्यंत पोचायचं कसं?

आता रांगेच्या बाबतीत मला कोणी शिकवावं अशी माणसं तालुक्यात फार नाहीत. मी नळाला उभी राहिले आहे, रॉकेलला, रेशनला उभी राहिले आहे, आणि एकदा चुकून मतदानाच्या रांगेत दुसऱ्याच गावच्या केंद्राला उभी राहिले आहे. पण माझी रांग वेगळी होती. आमच्या रांगेत माणूस कमी आणि वस्तू जास्त उभ्या असायच्या. नळाला हंडा ठेवला की आपला नंबर लागला. आपण घरी जाऊन भाकऱ्या थापाव्यात, हंडा आपल्यासाठी उभा असतो. रॉकेलला डबा, रेशनला पिशवी, काहीच नसलं तर दगड. दगडाचा नंबर कोणी मारला तर गावात भांडण व्हायचं. हे मला इतकं साधं वाटत होतं की याच्यातून पुढे काय होणार आहे याचा मला अंदाजच आला नाही.

आमच्या सोनिवलीतल्या बिल्डिंगमधल्या लोकांना मात्र सगळ्याचा अंदाज असतो. खालच्या मजल्यावरचे शरदचंद्र काका अंबरनाथच्या कारखान्यात मोठे अधिकारी होते आणि आता सोसायटीचे चेअरमन आहेत. त्यांनी सांगितलं की अशा मुलांसाठी पार्कात वेगळी सोय असते, सरकारी दाखला दाखवला की रांगेत उभंच राहावं लागत नाही. त्यांच्या पत्नी वृंदाताई म्हणाल्या, तिला आदल्या दिवशीपासून उपाशी ठेवा म्हणजे शांत राहील. मी त्यांना विचारलं, तुम्ही उपाशी असताना शांत असता का? त्यावर काका पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले.

दाखल्यासाठी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथली माणसं भली होती, पण रांग ती रांगच. मुलीला रांगेत थांबता येत नाही हे ठरवायला मुलीला रांगेत थांबवावं लागतं. ती नीट उभी राहिली असती तर डॉक्टरांना काय दाखवणार, आणि उभी राहिली नाही तर नंबर जाणार. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की बाबा, थोडंसं बिघडू दे, फार नको. देवाने माझं अर्धंच ऐकलं. राजसी मधल्या वाटेवर आडवी झाली आणि डॉक्टरीणबाई स्वतः उठून बाहेर आल्या. तिच्याशेजारी फरशीवर बसून त्यांनी तिला तपासलं. पुढे दाखला आला. शरदचंद्र काकांनी तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, हा फाटेल, लॅमिनेशन करून घ्या. एवढा मोठा अधिकारी सांगतो म्हणून राजूने त्याच दिवशी करून घेतलं.

तरीपण मी म्हटलं, कागदाच्या भरवशावर राहू नये, पोरीला रांगेची सवय करावी. ऋता मॅडमनीही घरात थोडं थोडं खेळून बघा असं सांगितलं होतं. थोडं थोडं, हे त्यांचे शब्द. मी एका रविवारी पार्किंगमध्ये रांग मांडली. पाळणा म्हणून शरदचंद्र काकांची गोल फिरणारी खुर्ची आणली. रांगेत मी, आमचे हे, राजू, राजसी आणि बिल्डिंगमधली पोरं. राजसीने लगेच विचारलं, राजसीचा नंबर किती? आपण ‘नंबर येईल, नंबर येईल’ म्हणतो, पण किती ते कोणी सांगत नाही. मी कागदाचे तुकडे करून त्यावर आकडे लिहिले आणि प्रत्येकाला दिले. ती एकदम निवांत झाली. खुर्चीत बसायचं, एक गिरकी घ्यायची, उतरायचं. ती थकली तेव्हा मी माझं ज्ञान तिला दिलं. म्हटलं, दमलीस तर चप्पल रांगेत ठेव आणि बाजूला बस. चप्पल उभी आहे म्हणजे राजसीच उभी आहे. तिने तिची गुलाबी चप्पल रांगेत ठेवली, बाजूला बसून नीट पाहिली आणि तिला ते पटलं. मीही खूष झाले. ‘मी उभी आहे ना तुझ्यासाठी,’ असंही मी सांगून पाहिलं होतं, पण ते तिला पटलं नव्हतं. आजी उभी म्हणजे आजीचा नंबर.

इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे रांग दिसली की माणसाला राहवत नाही. रस्त्यावरून जाणारी एक बाई कॅन घेऊन आत शिरली आणि उभी राहिली, तिला वाटलं टँकर येणार. तिच्यामागे दोघी आल्या. एका आजोबांनी पिशवीतून गॅसचं पुस्तक आणि आधार कार्ड काढलं. शेजारच्या बिल्डिंगमधून माणसं धावत येऊ लागली. कसली लाइन आहे, असं मागचा पुढच्याला विचारत होता आणि पुढचा म्हणत होता, आधी उभे तर राहा. ज्यांच्याकडे नंबर नाही अशी माणसं रांगेत पाहून राजसी कासावीस झाली, म्हणून मी धावतपळत नवे तुकडे लिहीत सुटले. माझं अक्षर सावकाश, माणसं भराभर. शरदचंद्र काका खाली आले, त्यांनी काही न विचारता बायकांची रांग वेगळी केली.

आजोबांचा नंबर आला. राजसी त्यांना म्हणाली, “बस.” ते बसले. राजूने त्यांना एक गिरकी दिली. ते उतरले, जरा झोकांडी गेली, मग आधार कार्ड पुढे करून म्हणाले, “झाली का केवायसी?”

राजसी म्हणाली, “झाली.”

ते समाधानाने घरी गेले. बाकीचे मात्र गेले नाहीत. कॅनवाल्या बाईने माझी अशी हजेरी घेतली की मी नळावरच्या दिवसांतही तसं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली, सामाईक जागेत विनापरवाना रांग लावल्याबद्दल. सही शरदचंद्र काकांची. खुर्ची त्यांची, नोटीसही त्यांची.

राहता राहिले कान. ऋता मॅडमनी आवाज अडवणारं, हेडफोनसारखं काहीतरी आणायला सांगितलं होतं. ते घ्यायला मी आणि आमचे हे उल्हासनगरला गेलो. दुकानदार प्रीतम नावाचा सिंधी मुलगा होता. मी त्याला सांगितलं, असा दे की कानाला आवाज आला नाही पाहिजे. तो म्हणाला, “माँजी, आवाज नहीं आता, ये तो कस्टमर की कंप्लेंट होती है.” मी म्हटलं, मला तेच पाहिजे. तेव्हा त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं, त्यात लोकांनी तक्रार करून परत आणलेले हेडफोन भरले होते. त्यातला सगळ्यात जाड गादीचा, सगळ्यात बंद पडलेला एक त्याने स्वतःच्या कानाला लावून पाहिला, आमच्या ह्यांना बोलायला लावलं, आणि म्हणाला, ए-वन, कुछ नहीं सुनता. आमचे हे बोललेच नव्हते, पण ते त्याला कुठे ठाऊक.

आणि मग तो दिवस आला. किर्तीने पिशवीत राजसीचे कपडे, पाणी, मऊ ब्लँकेट, सगळं भरलं होतं, आणि मला दिसलं की स्वतःसाठी तिने काहीच घेतलं नव्हतं, पंचमीला माहेरी जाताना घेतात तशी साधी पर्सही नाही. परतीचीच तयारी करून निघालेलं माणूस तसं निघतं.

मौजवाडीच्या खिडकीवर राजूने दाखला पुढे केला. आतल्या मुलीने तो उजेडात धरला आणि सांगितलं की लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, शिक्का हाताला लागला पाहिजे. राजूने विचारलं, शिक्का दिसतोय ना? ती म्हणाली, दिसतोय, पण लागत नाही. तो साहेबांकडे गेला. साहेब जेवायला गेले होते. साहेबांच्या जागेवरचे साहेब म्हणाले, प्लास्टिक काढून आणा. राजूने नखाने एक कोपरा सोलला तर प्लास्टिकबरोबर राजसीच्या फोटोचा कान निघून आला. तिथे आम्ही थांबलो आणि साध्या रांगेला लागलो.

साधी रांग म्हणजे लोखंडी कठड्यांमधून नागासारखी वळणं घेत गेलेली. सुट्टीचा दिवस. राजसी कठड्यांच्या तोंडाशीच थांबली. कानाला जाड हेडफोन, हात किर्तीच्या ओढणीत. आत येईना. मी तिला आठवण करून दिली. तिने गुलाबी चप्पल काढून माझ्या आणि आमच्या ह्यांच्या मधे फरशीवर ठेवली, समोरच्या झाडाखाली जाऊन किर्तीजवळ बसली आणि तिथून चपलेवर नजर ठेवली. राजू अजून खिडकीवर भांडत होता. म्हणजे रांगेत आम्ही दोघं म्हातारे आणि मधे एक चप्पल.

रांग पुढे सरकली की आमचे हे पायाने चप्पल पुढे सरकवायचे, तिची जागा तिला ठेवून. मागचा एक तरुण माणूस म्हणाला, काकी, मधे गॅप का सोडता, पुढे व्हा. मी म्हटलं, गॅप नाही, आमची नात आहे. त्याने वाकून पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. मग तो जरा मागे सरकला, आणि त्याच्यामुळे आणखी मोठी गॅप पडली. मी ताठ उभी होते, पण घामाने माझं पोलकं चिकटलं होतं. दर वळणाला मी झाडाखाली बघत होते. राजसी डोलत होती. डोलणं चांगलं, डोलणं थांबलं की वाईट.

दुसऱ्या वळणावर शिट्टी वाजली. गार्ड आला, म्हणाला ही चप्पल कोणाची? मी सांगितलं. मुलगी कुठे? झाडाखाली. मग मुलगी रांगेत आणा. मी म्हटलं, ती आलीच आहे, ती ही काय. गार्डला वाटलं मी त्याची मस्करी करते. माझ्या रांगेच्या सगळ्या अनुभवात माझ्या वस्तूला कोणी बेवारस म्हटलं नव्हतं, त्याने म्हटलं. बेवारस सामान रांगेत ठेवायचं नाही असा नियम आहे, असं सांगून त्याने ती गुलाबी चप्पल काठीच्या टोकावर अडकवली आणि हरवलं-सापडलंच्या खिडकीकडे घेऊन गेला.

राजसीने ते पाहिलं. मीच तिला शिकवलं होतं की चप्पल म्हणजे ती. माझ्या शब्दाप्रमाणे एका माणसाने तिला काठीवर उचलून रांगेबाहेर काढलं होतं. डोलणं थांबलं. मग तो आवाज सुरू झाला, हळदीतला. पाळण्याचं संगीत चालू होतं त्याच्यावर तो चढला. सगळी रांग वळून बघू लागली. कोणी मोबाइल वर केला. किर्ती ब्लँकेट काढून तिच्याभोवती धरत होती आणि तिचा चेहरा इतका शांत होता की मला तिच्याकडे बघवेना. ती तिथूनच मला हाताने खुणावत होती, निघूया, निघूया. एक चप्पल राखता आली नाही आणि मी पोरीचा आणि सुनेचा दिवस राखायला निघाले होते.

तेवढ्यात आमचे हे बोलले. दिवसभरातलं पहिलं वाक्य. “तू हितंच ऱ्हा गो.” त्यांनी स्वतःच्या वहाणा काढल्या, चपलेच्या रिकाम्या जागेवर जोडीने ठेवल्या आणि कठड्याखालून वाकून अनवाणी गार्डच्या मागे गेले.

खिडकीवर त्यांना विचारलं की चप्पल तुमचीच कशावरून. हे सत्तरीचे, चप्पल बोटभर, गुलाबी, वर फुलपाखरू. म्हणाले, नातीची. खिडकीवरचा म्हणाला, मग ओळख सांगा, चपलेचा नंबर किती?

“नंबर आमचाच व्हता,” हे म्हणाले, “त्या काठीवाल्यानं घालवला.”

हे मला नंतर कळलं. इकडे रांगेत दुसरंच घडत होतं. माझ्यामागच्या तरुण माणसाने पाहिलं की एक म्हातारा वहाणा काढून, जागेवर ठेवून गेला. त्या पार्कातल्या दोन-तीन पाळण्यांना पादत्राणं काढून बसावं लागायचं. शिवाय पाळण्याच्या पायथ्याशी जागेवाल्याने जुनं देऊळ तसंच ठेवलं होतं. कुठलं कारण त्याच्या डोक्यात आलं कोण जाणे, त्याने बूट काढले. त्याच्या बायकोने सँडल काढल्या. मागच्या कुटुंबाने काढल्या, त्यांच्या मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, इथूनच काढायच्या का, आणि उत्तराची वाट न बघता काढल्या. मी नको नको म्हणत होते, पण मला वाटतं त्यांना वाटलं मी संकोचाने म्हणते. बघता बघता सगळी रांग अनवाणी झाली. फरशीचे चटके बसू लागले. माणसं सावलीच्या कठड्याला टेकली आणि रांगेच्या जागी वाकड्यातिकड्या वहाणा उरल्या.

आवाज थांबला. मी घाबरून झाडाकडे पाहिलं. राजसी तिथे नव्हती. ती कठड्यांच्या आत होती, रांगेच्या शेवटाशी, उकिडवी बसलेली. एक जोड तिने उचलून सरळ केला, टाचेला टाच लावली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कोणाचा डावा उजव्या बाजूला असेल तर तिला ते सहन होत नव्हतं. माणसं बाजूला होत होती, पाय वर घेत होती, एका बाईंनी तर आपली सँडल स्वतःहून फिरवून दिली. ज्या रांगेत तिला पाऊल टाकवत नव्हतं, त्याच रांगेतून ती जोडाजोडाने पुढे येत होती. किर्ती कठड्याबाहेरून तिच्या बरोबरीने चालत होती, हात पुढे केलेला, पण लावलेला नाही.

गार्ड परत आला, अनवाणी रांग पाहिली, शिट्टी तोंडाला लावली. किर्ती त्याच्याकडे वळली. “वाजवू नका, दादा,” ती म्हणाली, “हवं तर मला बाहेर काढा, पण वाजवू नका.” त्याने शिट्टी खाली केली. काय करावं हे त्याच्या नियमात नसावं.

आमचे हे गुलाबी चप्पल घेऊन आले. राजसीने ती घेतली, त्यांच्या वहाणांच्या जागी ठेवली, त्यांच्या वहाणा त्यांना दिल्या. अशी चपलेसकट ती पाळण्याच्या दारापर्यंत आली. आमचा नंबर आला. पाळणेवाल्याने दार उघडलं. राजसीने वाकून चप्पल उचलली, पाळण्याच्या बाकावर जोडीने ठेवली, आणि मागे सरकून उभी राहिली.

पाळणेवाला म्हणाला, बच्ची नहीं बैठेगी?

किर्ती तिच्यासमोर खाली बसली. “राजसी, तू बस ना. तुझा पाळणा आहे.”

राजसी म्हणाली, “चप्पल उभी होती.”

मी माझ्या आयुष्यात इतके नंबर लावले, पण हंडा उभा होता तर पाणी हंड्याचंच, हे मला कधी सुचलं नव्हतं. पाळणेवाल्याने मान हलवली, माणसाशिवाय सामान वर सोडता येत नाही. मागची सगळी रांग तापल्या फरशीवर पाय बदलत उभी. मला उंचीची चक्कर येते. राजू अजून खिडकीवर. आमचे हे आत चढले आणि चपलेशेजारी बसले. ते घराच्या गच्चीवरसुद्धा कठड्यापाशी जात नसत. दार लागलं. पाळणा वर गेला. खालून ते दिसत होते, डोळे गच्च मिटलेले, एका हातात दांडी, दुसऱ्या हाताने चप्पल बाकावर दाबून धरलेली, पडू नये म्हणून.

राजसी खाली उभी राहून बघत होती. तिची मान पाळण्याबरोबर फिरत होती. पाळणा फिरत होता तोवर ती त्या गर्दीत हलली नाही, ओरडली नाही. आणि माझ्या शेजारी कोणीतरी विचित्र आवाज काढलाय असं वाटून मी बघितलं तर किर्ती हसत होती. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागच्या तरुण माणसाने हळूच विचारलं, आता बूट घालू का?

हे उतरले तेव्हा त्यांचा रंग उडाला होता. राजसीने त्यांच्या हातातून चप्पल घेऊन पायात घातली आणि म्हणाली, “झालं. घरी.”

वृंदाताईंनी विचारलं, बसली का मग पाळण्यात? मी काय सांगणार? मी काही बोलायच्या आत किर्ती म्हणाली, “नाही बसली. पण जाऊन आलो.” पुढच्या आठवड्यात ती राजसीला घेऊन कुळगावच्या बाजारात गेली. कांद्याच्या गाडीपाशी पोर ओरडली. किर्ती तिला घेऊन बाजूला बसली, लोकांनी बघायचं तेवढं बघितलं, मग ती उठली आणि कांदे घेऊन आली. कांदे निम्मे सडके निघाले, त्यावरून मी बोलले, तर म्हणाली, उद्या तुम्ही चला, निवडायला. मग आम्ही जातच राहिलो. कधी जमलं, कधी नाही. पुढे सदूच्या बाळाच्या बारशाला डीजे लावण्याआधी त्याने फोन करून विचारलं, वहिनी, किती आवाज चालेल?

दुसऱ्या वर्षी थंडीत आमच्या पार्किंगमध्ये पुन्हा रांग लागली. सोनिवलीची माणसं, अंबरनाथहून आलेले, आमच्या ह्यांच्याबरोबर काम केलेले लोक, बिल्डिंगमधले सगळे. दर्शन घेऊन एकेक जण पुढे होत होता. मी डोक्याशी बसले होते. राजसी घरातून एकटी खाली आली आणि गेटपाशी जाऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली. शरदचंद्र काका तिला म्हणाले, बाळा, तू घरची आहेस, पुढे जा. ती म्हणाली, नंबर नाही आला. किर्तीने काकांना हातानेच राहू द्या म्हटलं आणि ती माझ्याजवळच बसून राहिली, उठली नाही. रांग सावकाश सरकत होती. राजसी तिच्याबरोबर सरकत होती. तिचा नंबर आला तेव्हा तिने इतरांसारखा आजोबांच्या पायाला हात लावला, चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मागचे थांबले होते म्हणून पुढे झाली.

माझे यजमान दौलतराव सोमवार, ९ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी सोनिवलीच्या घरी वारले.